परदेश कक्षातले मामा

आमच्या विद्यापीठातून परदेशी शिकायला गेलेली मंडळी विमानाने गेली, असं त्यांच्या घरच्यांना वाटतं. खरं तर त्यांना मामांनी पाठवलं. विमान नुसतं निमित्ताला. चेन्नईच्या त्या मोठ्या राष्ट्रीय विद्यापीठात मी पीएच.डी.ला होते, त्या वर्षांत दोन कुलगुरू बदलले, टाइपरायटर जाऊन संगणक आले, कँटीनची इडली लहान झाली; पण पहिल्या मजल्याच्या टोकाला, ‘परदेश कक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत, मामा होते तसेच होते. कागदोपत्री ते कक्षाचे अधीक्षक. तमिळ मुलं त्यांना मामा म्हणत, कारण तिकडे घरोब्यातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे. मी म्हणू लागले ती वेगळ्या कारणाने. त्या खोलीत गेले त्या पहिल्याच दिवशी माझ्या अर्जावरचं आडनाव वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “तूं मराठी काय गे?” मी चकित झाले. माझ्या गावाहून, औशाहून निघाल्यापासून दोन महिन्यांत घरच्या फोनाखेरीज कानावर मराठी शब्द पडला नव्हता, आणि जो पडला तो थेट तीनशे वर्षांपूर्वीचा! मामांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. भाषा मात्र त्यांनी सोबत आणली, ती घरात जपली आणि वर तमिळचा हेल चढवला. ‘म्हणून’ला ते ‘मणून’ म्हणत, ‘नको’ला ‘नोको’, ‘सगळे’ला ‘अस्के’. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे तर ते ऐकायला म्हणून मी उगीच एखादा फॉर्म मागायला जायची.

मामांची पहिली श्रद्धा तारखेवर. तारीख नसलेला कागद कोणाचाही असो, तो त्यांच्या टेबलावर टेकू शकत नसे. एकदा खुद्द एका विभागप्रमुखांचं शिफारसपत्र त्यांनी शिपायाकरवी परत पाठवलं. विभागप्रमुख तणतणत आले. मामा उभे राहिले, खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, “तारीख नाही सार. मणजे हा कागद अजून जन्मलाच नाही. न जन्मलेल्याला मी परदेशी कसा पाठवू?” विभागप्रमुखांनी कॉफी पिऊन तारीख घातली. दुसरी श्रद्धा कानांवर. अर्जावरच्या फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. हा नियम कुठल्या देशाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. केस मोकळे सोडून फोटो काढणाऱ्या किती मुलींना त्यांनी परत फोटो स्टुडिओत पिटाळलं असेल, देव जाणे. फाटकाबाहेरचा स्टुडिओवाला मामांचा ऋणाईत असावा.

पण त्यांचं खरं रूप दिसायचं ते व्हिसाच्या मुलाखतीआधी. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी मामांपुढे रंगीत तालीम करावी लागे. तेव्हा ते मामा राहत नसत. टेबलावरचा पितळी गणपती कपाटात जाई, पंखा बंद होई, खिडकीला पडदा लागे आणि काउंटरसारखी पुढ्यात मांडलेल्या फाइलींच्या भिंतीआडून करड्या इंग्रजीत प्रश्न सुटे, “तुम्ही परत याल याची काय खात्री?” भल्याभल्यांची बोबडी वळे. धातुशास्त्राचा एक धिप्पाड मुलगा गावाकडच्या आजीचं नाव सांगताना रडला होता. मामांनी त्याला पाणी दिलं, पाठ थोपटली आणि व्हिसा नाकारला. मला त्यांनी पुढे तीनदा नाकारला. चौथ्या खेपेला फाइलींआडून आवाज आला, “सरि, बरे, जा. पण हात का चोळतेस? हात चोळणारा मनुष्य खरे बोलत असला तरी लबाड दिसतो.” आणि परदेशाहून येणाऱ्याने मामांसाठी चॉकलेटं आणायची नाहीत, हाही नियम. आणायचं काय, तर तिथल्या ग्रंथालयाची छापील नियमावली. जपान, कॅनडा, जर्मनी अशा त्यांच्या फायली होत्या. डबा खाताना ते त्या वाचत आणि मधेच खूश होऊन म्हणत, “हे पाहा, ह्यांच्याकडे लहान बाळाला घेऊन वाचाला बसाला मुभा आहे! थोर लोक.”

आता माझी गोष्ट. समुद्राकाठच्या काँक्रीटमधलं लोखंड कसं गंजतं, हा माझा विषय. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातून सळया आणायच्या, खाऱ्या पाण्यात बुडवायच्या आणि त्या गंजायची वाट पाहत बसायचं, असं माझं तारुण्य चाललं होतं. तिसऱ्या वर्षी नॉर्वेतल्या एका प्रयोगशाळेने मला वर्षभरासाठी बोलावलं. जाण्यायेण्याची, राहण्याची, सगळी सोय त्यांची. गाईडनी पेढे वाटले. मी संध्याकाळी बूथवरून घरी फोन केला. बाबा औशाच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. आई मी दहावीत असताना गेली, तेव्हापासून घरात ते आणि मी. चेन्नईला पाठवतानाच त्यांना आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” आमच्या घरात याचा अर्थ ‘करू नकोस’ असा होतो. मी दोन दिवस विचार केला, ‘वडील एकटे असल्याने येता येत नाही’ असं नकाराचं पत्र लिहिलं, तारीख घातली आणि मामांच्या टेबलावर ठेवलं. मामांनी ते वाचलं. हिरव्या शाईने एक स्वल्पविराम सुधारला. शिक्का मारला. पुढची फाइल ओढली. मला जरा रागच आला. निदान एकदा तरी ‘का गे?’ असं विचारायचं.

आठ-नऊ दिवसांनी नॉर्वेहून ईमेल आली: तुमचा निर्णय कळला नाही, महिनाअखेरपर्यंत थांबतो. मी धावत वर गेले. “मामा, माझं पत्र गेलं नाही?”

“सापडत नाही,” मामा म्हणाले.

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंचे हात जागच्या जागी थांबले. अठ्ठावीस वर्षांत या माणसाच्या हातून एक कपटा गहाळ झाला नव्हता. एका बेल्जियन प्राध्यापकाची सात वर्षांपूर्वीची लाँड्रीची पावतीसुद्धा त्यांनी फायलीला लावून ठेवली होती. आणि माझ्या पत्राचा कोपरा तर त्यांच्या डब्याखालून सरळ दिसत होता.

“मामा, ते काय तिथे.”

मामांनी डबा किंचित सरकवून कोपरा झाकला. “कोठे? मजला तर काही दिसत नाही. म्हातारपण, दुसरे काय. तुझ्या वडिलांचा नंबर दे.”

बाबांशी ते काय बोलले ते मला कळलं नाही, कारण त्यांनी मला खोलीबाहेर काढलं होतं. पण संध्याकाळी बाबांचाच फोन आला, वसतिगृहावर. आवाज उत्तेजित. “अगं, तुमच्या ऑफिसात कोण माणूस बसलाय? बखरीतून बोलतो! ‘कन्येविषयी किंचित बोलावे मणतो’ म्हणाला मला. चाळीस वर्षं मी मुलांना जुनी मराठी शिकवली, बोलताना कोणी ऐकलं नव्हतं गं. मी येतोय.”

मला पाहायला ते तीन वर्षांत एकदाही आले नव्हते. मामांना पाहायला मात्र आठवड्यात एग्मोर स्टेशनला उतरले, धपाट्यांचं गाठोडं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. फलाटावर माझ्याआधी मामा हजर. पांढरी लुंगीवजा वेष्टी, कपाळाला गंध, हातात छत्री. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि दोघांचे चष्मे एकदमच खाली घसरले. “प्रवास सुखरूप झाला काय?” मामांनी विचारलं. बाबांचे डोळे पाणावले. मग मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “तूं लॅबास जा. सळया वाट पाहात असतील.” बाबांना ते जेवायला घरी घेऊन गेले.

दुपारभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाचच्या सुमारास बाबा परत आले, ते एकदम शांत. मी विचारलं, काय जेवलात? म्हणाले, आंबट वरण, भात, वांग्याची भाजी. काय बोललात? “भाषेबद्दल,” ते म्हणाले. वसतिगृहाच्या पायरीवर टेकले आणि अचानक म्हणाले, “फोटो काढलास का? दोन्ही कान दिसायला हवेत म्हणे.”

अशी मी नॉर्वेला गेले. होकाराचं पत्र मामांनी स्वतः पोस्टात टाकलं. नकाराच्या पत्राचं पुढे काय झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षाबद्दल लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. एवढंच सांगते, आज मी जे काही आहे, शिकवते, दोन-चार मुलांचं संशोधन पाहते, ते सगळं त्या वर्षातून निघालं. परत आले तेव्हा मामा निवृत्त झाले होते. त्यांच्या भेटीला निघायच्या आधी बाबांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, ‘माझ्या मुलीसही असेच पत्र आले होते. मी परक्यांची अस्की पोरे धाडली, आणि आपली धाडाला धैर्य झाले नाही. ती काही मणत नाही. तेच बोचते.’ मग मी उठलो आणि सरळ तुझ्याकडे आलो गं.”

मामा घरी भेटले ते लुंगी-बनियनमध्ये, पुरते आनंदलेले. मला बसवून त्यांनी तासभर तपासणी घेतली: किती निबंध छापले, प्रबंध केव्हा देणार, आणि नॉर्वेच्या लोकांनी माझं नाव नीट लिहिलं की नाही. मी आभार मानायला लागले, तर मधेच तोडून म्हणाले, “नोको. आपल्या घरच्या भाषेत त्यास शब्द नाही. भोजन करून जा.” वाढायला त्यांची मुलगी होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या जागेवर. ती फारसं बोलली नाही, पण निघाले तेव्हा चपला घालून माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आली.

वाटेत म्हणाली, “एक सांगू? मी तुजवर वर्षभर रागावले होते. तुला पाहिलंही नव्हतं, तरी. तू गेलीस त्या दिवशी अप्पांनी घरी पायसम करवलं. मी खाल्लं नाही.” तिची मराठी वडिलांसारखीच, पण मधे मधे तमिळ आणि इंग्रजीवर टेकत चालणारी. तिने माझा हात धरला. “आता नाही राग. अप्पांनी त्याच रात्री माझी माफी मागितली. बारा वर्षांनी. ती मानाला मला वर्ष लागलं. तू गेली नसतीस तर त्यांनी ती कधीच मागितली नसती पां.”

बस आली. ती म्हणाली, “हिच्यात चढ, गर्दी नाही.” मी पायरीवर पाय ठेवला, एवढ्यात तिने हलकेच, जणू सहज आठवलं म्हणून, विचारलं, “तिथे लॅबच्या खिडकीतून काय दिसायचं गे?”

मी पायरीवरून खाली उतरले. आधी फ्योर्डचं पाणी सांगितलं, मग पलीकडचे डोंगर, मग दुपारी तीनलाच लागणारे दिवे. ती मान खाली घालून ऐकत होती, मधेच एखादा प्रश्न विचारत होती. समोरून बसेस येत होत्या आणि जात होत्या. आम्ही दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.