बाळांना अहो म्हणणाऱ्या बाई

तान्ह्या बाळांना अहो-जाहो करणारं माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच असेल, आणि त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पिशोरला उभी हयात अंगणवाडी चालवून बाई निवृत्त झाल्या, पण बाळांपासून निवृत्ती काही त्यांना घेता आली नाही. शहागंजात भाजी घेताना कुणाच्या कडेवर मूल दिसलं की बाई थांबणार, "काय म्हनता, दादा?" विचारणार, आणि उत्तर आल्याशिवाय हलणार नाहीत. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवतात, भाजीवाला तराजू धरून ताटकळतो. बाळ कधीतरी "अं" करतं. "व्हय, ऊन लईच हाय आज," म्हणत बाई मग पुढे सरकतात. अनोळखी मूल उचलून त्याचं वजन सांगायचीही त्यांना खोड. एका लग्नात नवरदेवाच्या भाच्याला उचलून त्यांनी "दीड किलो कमी हाय" असं जाहीर केलं, तेव्हा वरपक्षाची समजूत मला काढावी लागली होती.

काही वर्षांपूर्वी बाईंच्या शेजारी येमेनचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा इथं शिकायला आलेला. तिकडे लढाई पेटली आणि परत जायला घरच उरलं नाही. बायको हनान, आणि यासीन हा तीन वर्षांचा मुलगा, एक शब्द न बोलणारा. मुलाशी हिंदीतच बोल, नाहीतर शाळेत घेणार नाहीत, असं कुणीतरी हनानला सांगितलेलं. तिला हिंदी शब्द यायचे जेमतेम चाळीस. म्हणजे घरात चाळीस शब्द, आणि उरलेला दिवस मोबाइल.

बाईंनी दुभाषी म्हणून मला ओढत नेलं. "तिला विचार, तिची आई तिला निजवताना काय म्हनायची." मी इंग्रजीत विचारलं. ओढणीचं टोक तोंडाशी धरून हनान गुणगुणू लागली आणि अर्ध्यावरच तिला रडू फुटलं. पण यासीन मोबाइल सोडून तिच्या ओठांकडे बघत राहिला होता.

"लेकराला आधी आईची बोली पायजे," बाई म्हणाल्या. "बाकीच्या रस्त्यावर लई भेटत्यात."

त्या भाषेत बोललं की घर आठवतं, असं हनाननं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आठवू दे की. रडत बोल, पन बोल."

तेव्हापासून रोज चार वाजता बाईंच्या खोलीत सतरंजी, वाट्या, चमचे, डब्यांची झाकणं. हनान ओळखीच्या आणखी दोघी आयांना लेकरांसकट घेऊन आली. बाईंनी ते अंगाईगीत पाठ केलं. शब्द अरबी, चाल पिशोरची. एकदा त्या गात असताना यासीन म्हणाला, "ला." हिंदीत काहीतरी आणायला सांगतोय असं वाटून बाईंनी वाटी आणली, चेंडू आणला, केळं आणलं, शेवटी स्वतःचा चष्मा काढून दिला. दरवेळी "ला", पहिल्यापेक्षा जोरात. हनान हसता हसता रडायला लागली. त्यांच्या भाषेत 'ला' म्हणजे नाही. बाईंचं गाणं चुकतंय, असं त्याचं म्हणणं होतं.

बाईंनी साऱ्या इमारतीत पेढे वाटले.

दोन वर्षांनी त्या कुटुंबाला एका लांबच्या देशात आसरा मिळाला. ते निघाले त्या दिवशी बाई सकाळीच चितेगावला लेकीकडे निघून गेल्या. "निरोप द्यायचं मला जमत नाय," एवढंच मला म्हणाल्या. परतल्यावर कितीतरी दिवस चार वाजले की त्या दाराकडे बघायच्या, आणि मी काही बोलायला गेले तर स्वयंपाकघरात जायच्या.

परवा मी बाईंकडे असताना हनानचा व्हिडिओ कॉल आला. यासीन उंच झालाय. त्याला बाई आठवत नव्हत्या. तो लाजला आणि आईकडे वळून आपल्या भाषेत भराभर काहीतरी सांगू लागला. ती उत्तर देऊ लागली, आणि बोलता बोलता दोघं आम्हाला विसरून गेली. मी फोन बंद करायला गेले तर बाईंनी माझा हात धरला. पलीकडून कॉल बंद होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"काय म्हनला असंल गं?"

"मला नाही कळलं, बाई."

"मलाबी नाय," त्या म्हणाल्या. "पन केवढं लांब बोलला."