श्रावणातला जेलीफिश

आधीच सांगतो, हसायचं नाही! अळिंबीचा, म्हणजे मश्रूमचा, रस्सा ताटात आला, की आजही मी वाटी हळूच बाजूला सरकवतो.

शाळा नववीतच सुटली, पण आळेफाट्याजवळ शेडमध्ये अळिंबी बरी पिकवायचो. गावात मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आम्हा शेतकऱ्यांना बोलावलं होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही एका जंतूकरवी अळिंबीत नवा जीन घालतो. समुद्रातल्या जेलीफिशचा. तो नीट बसला, की अळिंबी निळ्या दिव्याखाली हिरवी चमकते."

ती अळिंबी ठेवलेल्या काचेच्या बशीला मी नाक लावून पाहिलं. पण लाजाळू माणूस, प्रश्न कुठला विचारणार?

आठवड्यानं तळेघरचे पाहुणे आमचं घर बघायला आले. मुलगी मी आधीच बघून आलो होतो, मनापासून आवडली होती हो! श्रावण होता, म्हणून आईनं मटणाऐवजी अळिंबीचा रस्सा केला. मुलीचे वडील, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, भुरका मारून म्हणाले, "लई झ्याक! मटणच खाल्ल्यागत वाटतंय राव!"

आई खूश. "आणखी अळिंबी काढून आण रं."

शेडमध्ये गेलो आणि हातातली पाटी खाली पडली. पिशव्यांवर हिरवे डाग!

म्हणजे तो जंतू माझ्या शर्टावर बसून एस.टी.नं घरी आला? शेडभर जेलीफिश? आणि तिकडं मामांची तिसरी वाटी चालू!

धावत आलो. "मामा, थांबा! यात मासा हाय!"

मामांचा घास हवेतच थांबला.

"मासा? श्रावणात?"

"म्हंजी... दिसत न्हाई. आतनं हाय. समुद्रातला."

"अगं बया!" मुलीची आत्या किंचाळली. "माझ्या प्वाटात काय तरी हाललं!"

मामा उठले. "सोयरीक ऱ्हाऊ द्या, आदी डाक्टर बोलवा!"

मी फाट्यावरच्या फोनकडं पळालो. मागं पोट धरून मामा. प्रयोगशाळेतल्या मॅडमना सगळं सांगितलं.

"अरे, आमची अळिंबी बशीबाहेर गेलेलीच नाही! आणि जीन शर्टावर बसून येत नाही. निळ्या दिव्याशिवाय, नुसत्या डोळ्यांना हिरवं दिसतंय ना? मग ती साधी बुरशी. रश्श्यातली पांढरी होती ना? निवांत राहा. पिशव्यांत भरायचा पेंढा नीट उकळला होतास का? कच्चा राहिला, की अशी बुरशी धरते."

नव्हता. मुलगी बघायला जायच्या घाईत अर्ध्यावरच चुलीतनं लाकडं ओढली होती. मामा शेजारीच उभे, सगळं ऐकत.

तरी त्यांनी मुलगी दिली बरं का! पण श्रावणात सासरी गेलो, की साध्या वरणाची वाटीसुद्धा पुढं सरकवून विचारतात, "जावईबापू, बघा बरं, आत मासाबिसा काय पवतंय का?"

सगळं घर खो खो हसतं. आणि मी? मी खरंच वाकून बघतो.