जावयाने चिकटवलेला घाट

तेजश्रीचं लग्न झाल्यापासून श्यामलाबाईंच्या मनात एक धास्ती मुक्कामाला होती. जावई दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, ऊठसूट आईला विचारायलाही जात नव्हता. मग धास्ती कसली? तर एवढीच, की आपण चुकू शकतो हे या माणसाच्या गावीच नाही. असा माणूस एक दिवस निस्तरता येणार नाही असं काहीतरी करून बसेल, आणि आपली लेक त्याच्या शेजारी उभी राहून 'बरोबरच आहे त्याचं' म्हणेल. भाजी निवडताना, देवाला फुलं वाहताना, मालिका बघताना ही धास्ती त्यांच्या शेजारी येऊन बसायची आणि चहा विचारला तरी उठायची नाही.

जावयाचं नाव विश्वेश. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात साहेब. दिवसभर लोकांचे दर पाडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांची अक्कल काढायची, हा त्याचा दिनक्रम. 'त्यात काय आहे!' हे त्याचं आवडतं वाक्य. त्यात काय आहे ते समोरचा सांगायला लागला, की हा पुढच्या विषयावर पोहोचलेला असे.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने निफाडच्या मित्राकडून द्राक्षं आणून घरी वाइन करायला घेतली. बरण्यांची झाकणं घट्ट आवळली, कारण सैल ठेवायची असतात असं तेजश्रीने वाचलं होतं आणि बायकोने वाचलेलं ऐकायचं म्हणजे काय! बरण्या फुटल्या. स्वयंपाकघराच्या छतावरचे जांभळे डाग अजून आहेत. "द्राक्षंच हलकी होती," विश्वेश म्हणाला. पुढे श्यामलाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात जागला, हे खरं. ते त्या नाकारत नव्हत्या. पण जागता जागता त्याने सलाइनचा वेग आपल्या मताने वाढवला आणि नर्सने हात बाजूला केला, तर 'हिला काही शिकवलेलं दिसत नाही' असं साऱ्या वॉर्डाला ऐकवलं. रात्रभर जागल्याने माणसाला पुण्य लागत असेल, अक्कल येत नाही, हे श्यामलाबाईंना त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं.

मग त्याला मासे भेटले. म्हणजे मासे नव्हेत, माशांची आरास. कुणाच्या तरी घरी फिश टँकमध्ये प्लास्टिकचा किल्ला पाहिला आणि ठरवलं, की आपण याहून भारी करू. नाशिकचा घाट करू. पायऱ्या, दीपमाळ, कोपऱ्यात छोटंसं देऊळ, सगळं खऱ्या काळ्या दगडाच्या चकत्यांचं. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. पायऱ्या अशा बसवायचा की बघत राहावं. प्रश्न होता चिकटवायचं कशाने.

या प्रश्नावर माणूस चार ठिकाणी विचारतो. विश्वेशने घरातलं कपाट उघडलं. आधी सुतारकामाचा पांढरा गोंद. बादलीत बुडवल्यावर सकाळी पाणी ताकासारखं आणि पायऱ्या तळाशी. मग ग्लू गन. गुळगुळीत दगडावर तो गोंद पापडासारखा सुटून आला आणि देवळाचा कळस हातातच राहिला. "हा गोंद चायनाचा होता," विश्वेशने निकाल दिला. शेवटी बाथरूमच्या फरश्यांच्या फटी बुजवायला आणलेली सिलिकॉनची अर्धी नळी सापडली. त्याने घाट पक्का बसला. इतका पक्का, की विश्वेशने तो पायरीला धरून उचलून दाखवला.

तेव्हा अधिक महिना चालू होता. जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून, तेहतीस अनारशांचं दीपदान द्यायचा महिना. वेणीमाधवरावांनी, म्हणजे श्यामलाबाईंच्या यजमानांनी, त्यात काही कमी ठेवलं नाही. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला हा माणूस. जावयापुढे मात्र न वाचता सही करायचा. जेवण झालं आणि विश्वेशने खोक्यातून घाट काढला. "बाबा, तुमच्या गप्पींसाठी."

निवृत्तीनंतर वेणीमाधवरावांनी गप्पी मासे पाळले होते. त्यांचे डोळे भरून आले. "वा! काय हात आहे! वा!"

श्यामलाबाईंनी घाट हातात घेतला. फटींतून आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत होता. त्या केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या, लग्नानंतर ते ज्ञान लोणच्याला बुरशी का येते एवढ्यापुरतंच उरलं होतं, पण उरलं होतं.

"विश्वेशराव, कशाने चिकटवलंत?"

"सिलिकॉन, आई. बाथरूमचं उरलं होतं. आणि गंमत सांगू? त्यात बुरशी मारणारं औषध असतं. म्हणजे टँकमध्ये शेवाळंबिवाळं काही नाही. माशांना उलट बरंच."

"पण जे बुरशी मारतं, ते माशाला..."

"आई, मासा काय बुरशी आहे?" तो हसला. वेणीमाधवराव हसले. तेजश्रीही हसली, आणि तेच श्यामलाबाईंना लागलं.

"नळीवर काही लिहिलंय का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"लिहिलंय ना, 'मासे ठेवण्याच्या टाकीसाठी वापरू नये.' कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला वाट्टेल ते लिहितात. आमच्या खरेदीत रोज बघतो मी."

इतकं स्पष्ट लिहिलेलं वाचून, समजून, वर त्याची फुशारकी मारणारा माणूस श्यामलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. अडाणी माणूस न वाचता चुकतो. याने वाचल्याचीही लाज ठेवली नाही. त्या तोंड उघडणार तोच वेणीमाधवरावांनी डोळ्यांनी खुणावलं: आज नको, दीपदानाचा दिवस आहे. घाट टँकमध्ये गेला. वास अजून जायचा होता, पण जावयाच्या देखत त्याची वस्तू वाळत घालायची कशी?

लेक-जावई घरी परतल्यावर मासे आधी पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडायला लागले. मग एकेक करून आडवे झाले. वेणीमाधवराव चहाच्या गाळणीने त्यांना काढत होते आणि म्हणत होते, "हवा बदललीय हल्ली."

"हवा नाही, तुमचा जावई बदलायला हवा," श्यामलाबाई म्हणाल्या.

"अगं, हळू!"

"कोण ऐकतंय? मासे?"

त्यांनी घाट उचलून बाल्कनीत उपडा ठेवला, टँक घासला, पाणी बदललं. नवे गप्पी आणले, ते जगले. दुसरा कुणी असता तर तिथेच विषय संपला असता. फोन करून सांगितलं असतं, 'बाबा रे, ते सिलिकॉन चालत नाही. साधं, औषध न घातलेलं घे, वास पूर्ण जाईपर्यंत वाळव, पाण्यात मुरव, मग दे.' पण जावई! जामाता दशमो ग्रहः, म्हणजे जावई हा दहावा ग्रह; बाकीचे नऊ शांतीने तरी गप्प बसतात.

वेणीमाधवरावांनी शांतीची निराळीच रीत काढली. नवे मासे आणताना जुन्यांचा मोबाइलमधला फोटो दुकानदाराला दाखवून शेपट्या जुळवून आणल्या. लेक-जावई येणार म्हटलं की बाल्कनीतला घाट आत यायचा, धुऊनपुसून टँकमध्ये बसायचा. ती दोघं जाताना लिफ्टमध्ये शिरली की परत बाहेर. तेवढा वेळ मासे तग धरायचे. देव्हाऱ्यातल्या मूर्तींना एवढी हालचाल घडत नव्हती. श्यामलाबाई पाण्याची बादली धरून उभ्या राहायच्या आणि हा साठी उलटलेला माणूस, बाह्या कोपरापर्यंत वर करून, जावयाच्या अभिमानाला आंघोळ घालतोय हे बघायच्या. त्यांना हसू यायला हवं होतं. किळस यायची.

आणि जावई काय करायचा? टँकपुढे उभा राहून म्हणायचा, "बघा आई! तुम्ही उगाच घाबरला होतात. कसे मजेत आहेत!"

"हो ना," वेणीमाधवराव म्हणायचे.

एका रविवारी ती दोघं मंजुषाला घेऊन आली. मंजुषा तेजश्रीची शाळेपासूनची मैत्रीण, आता मुलांची डॉक्टर. गंगापूर रोडला तिचा नवा दवाखाना होत होता. तिने घाट पाहिला, त्यावरून पोहणारे मासे पाहिले आणि टाळ्याच वाजवल्या. "विश्वेश, मला असाच पाहिजे! वेटिंगमध्ये मोठा टँक ठेवणारे. सुई म्हटलं की पोरं रडतात, मासे बघून जरा गप्प बसतील. पण हे सेफ आहे ना रे?"

"समोर दिसतंय की!" विश्वेशने टँककडे हात केला. "बाबांकडे अधिक महिन्यापासून आहे. एक मासा गेला नाही. विचार बाबांना."

मंजुषाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. श्यामलाबाई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बशा ठेवल्या आणि लिंबू आणायला आत गेल्या. लिंबू बशीतच होतं.

त्यानंतर विश्वेशने सुट्ट्या टाकून मोठा घाट केला. सिलिकॉन तेच, 'सिद्ध झालंय' म्हणून मुद्दाम त्याच्याच नव्या नळ्या आणल्या. आणि आज सकाळी तेजश्रीचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"आई, आज संध्याकाळी टँक बसतोय. उद्यापासून दवाखाना सुरू. मंजूने मासे आणूनसुद्धा ठेवलेत. बाबांना घेऊन ये हं."

"घाट वाळलाय का गं? वास येतोय अजून?"

"येतोय थोडा. विश्वेश म्हणतो, पाण्यात गेला की जातो."

"तुला काय वाटतं?"

"त्याला कळतं गं आई. तुमच्याकडे जगलेत ना मासे?"

श्यामलाबाईंनी फोन ठेवला. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर, काचेला नाक लावून मासे बघतंय, आणि मासे एकामागून एक आडवे होताहेत. मंजुषा धावतेय. विश्वेश म्हणतोय, मासेच हलके होते. आणि तेजश्री त्याच्या शेजारी.

त्या बाहेरच्या खोलीत आल्या. "ऐकलंत? आज बसवताहेत."

वेणीमाधवराव टँकसमोर बसून गप्पींना खाणं टाकत होते. "मंजुषाला कळव हळूच," ते म्हणाले. "म्हणावं, काहीतरी निमित्त काढ आणि टँक पुढे ढकल. त्याला वाईट वाटायला नको."

"म्हणजे आता तिलाही बादली धरून उभं करायचं?"

"अगं, जावई आहे तो."

"जावई आहे म्हणूनच त्याला वाटतं, या घरात मासे मरत नाहीत. तुम्ही शिकवलंत त्याला ते. आणि आता तेजूही आपल्याच माशांचा दाखला देते."

"तो रागावेल. येणं बंद करेल. मग तेजूचं तोंड दिसायचं नाही आपल्याला, कळतंय का?"

कळत होतं. रात्रंदिवस तेच तर कळत होतं. पण गप्प राहून लेक जवळ राहत नव्हती. दर भेटीगणिक ती त्याच्यासारखंच बोलायला शिकत होती, हे आजच्या फोनवर त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोन बोटांत खाण्याची चिमूट तशीच धरून, जावयाच्या रागाला भिऊन बसलेला बाप. त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं, उपडा घाट उचलून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला, त्यांना दुसरीकडे बघता येऊ नये म्हणून.

मग खुर्ची ओढून बसल्या आणि मोबाइल हातात घेतला. मंजुषाचं नाव आधी दिसलं. ते त्यांनी सोडून दिलं. काय बोलायचं ते ठरलं होतं: विश्वेशराव, तुमच्या घाटाने आमचे मासे मेले; तुम्ही बघता ते आम्ही नंतर आणलेले. मंजुषाला तुम्ही सांगता का, की मी सांगू?

"अगं, निदान संध्याकाळपर्यंत तरी थांब," वेणीमाधवराव म्हणाले.

त्यांनी विश्वेशचा नंबर दाबला आणि फोन कानाला लावला.