हौदाची पाटी

कॉलेजसमोरच्या भिजलेल्या पितळी पाटीचा वास आला आणि मी एकदम प्रायमरीतली झाले! पाटीवर लिहिलंय, इथे माणसं, जनावरं, सगळ्यांसाठी पाण्याचा हौद होता. तेव्हा आईने ते वाचलं, सँडल्स काढल्या आणि चक्क पाटीला हात जोडले.

मी लाजून ओरडले, “आई, स्टॉप! घोडे पाणी प्यायचे इथे!”

“पिऊ देत की गं. कुणाला ‘नाही’ तर म्हटलं नाही ना?”

तेव्हा मला फक्त आमच्याकडे बघणारी पोरं दिसत होती. आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत, हे खूप नंतर कळलं.

आता पार्किंगसाठी पाटी काढणार म्हणे. काढून तर दाखवा! त्यावरच्या उद्याच्या मीटिंगला आईला घेऊन जातेय, आणि मी बोलणार म्हणजे बोलणारच.