मंदामॅडमचा झोपेचा तास

वर्गमैत्रीण शबानाचा फोन आला तेव्हा मी बार्शीत, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात दुपारचा डबा उघडत होतो. "सिद्धू, मंदामॅडम गेल्या रे," ती म्हणाली. कशा, कधी, एवढंच मी विचारलं. "काल दुपारी. जेवल्या, भावाला म्हणाल्या जरा पडते, आणि उठल्याच नाहीत..." आणि मग, सांगायला लाज वाटत नाही, आम्ही हसलो. आधी ती, मग मी. हसता हसताच तिचा आवाज फुटला आणि पाठोपाठ माझाही. ज्यांनी मॅडमना पाहिलं नाही त्यांना हे विचित्र वाटेल. पण आम्हाला दुपारी झोपायला शिकवणाऱ्या बाईनं जायला दुसरी कुठली वेळ निवडली असती?

मी मैंदर्गीकडचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आई कानडी बोलते, वडील कानडी-मराठी दोन्ही. सोलापुरात समुपदेशनाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा वडिलांना समजावताना माझी दमछाक झाली. लोकांचं दुःख ऐकून घ्यायचं शिक्षण असतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ऐकायला बी शाळा लागती व्हय? कान न्हाईत का तुला?" हा किस्सा मी पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगितला, तर सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या मंदाकिनी मॅडम, आमच्या विभागप्रमुख. बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. डोळे पुसत म्हणाल्या, "वडिलांना सांग, ऐकायला कान पुरतात. ऐकून झाल्यावर घरी जायला शाळा लागते." त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या वर्षी, एका दवाखान्यात प्रत्यक्ष कामाला बसवलं तेव्हा. तिथं एक बाई यायची. तिचा तरुण मुलगा गेला होता. त्याच्या अंगातला शेवटचा शर्ट धुवावा की तसाच ठेवावा, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची. ती उठून जायची, पण तो शर्ट काही माझ्या डोळ्यांपुढून हलायचा नाही. खोलीवर आलो की घास उतरेना, पाठ टेकली की झोप येईना. आईचा फोन आला, "ऊटा आतेन?" जेवलास का, एवढंच तिनं विचारलं, तर मी तिच्यावर खेकसलो. कुणाजवळ बोललो नाही. उद्या दुसऱ्यांना धीर देणार, त्यानं आपलं रडगाणं कशाला गायचं! अशातच एका बुधवारी सरावाचा तास होता. शबाना झाली होती दुःखी बाई, मी समुपदेशक. ती रंगात येऊन खोट्या सासूची कहाणी सांगत होती आणि मी समोर बसल्या बसल्या झोपलो. डोकं टेबलावर आदळलं. वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "सिद्धाराम, शेवटचं नीट झोपला होतास कधी?" मला आठवेना. मी म्हणालो, "मॅडम, मी सोडतो हे. मला न्हाय जमायचं. आमची मेंढरंच बरी." आता लांबलचक उपदेश होणार, अशी मी तयारी केली. त्यांनी कपाट उघडलं, चटई काढली, चादर काढली आणि म्हणाल्या, "झोप."

"हितं?"

"मग काय, कलेक्टर कचेरीत झोपणार आहेस?"

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. मॅडम खुर्चीत, बूट काढून, तोंड उघडं टाकून चक्क घोरत होत्या. मला हसू फुटलं, त्यानं त्या जाग्या झाल्या. खालून चहा आणि भजी मागवली. खाता खाता मी त्यांना त्या शर्टाचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. उमेदवारीच्या काळात त्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत लोकांना भेटत. जेवायला उठणंही त्यांना गुन्हा वाटायचा. एक दिवस समोर एक बाई ओक्साबोक्शी रडत होती, आणि यांना काहीच वाटेना. "काहीच नाही रे. मी तिच्या मागच्या भिंतीवरची पाल बघत होते. ती बाई कोण होती, पुढं तिचं काय झालं, मला आजही आठवत नाही." मग त्या काम सोडून टेंभुर्णीला भावाकडं गेल्या आणि कित्येक दिवस नुसत्या झोपल्या. "तू निदान त्या शर्टासाठी जागा राहिलास. अजून वेळ गेलेली नाही. पण आधी झोप, मग ठरव सोडायचं का ते."

मी झोपलो. दोन-तीन दिवस दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. पुढच्या वेळी ती बाई आली, शर्टाचं विचारू लागली. मी विचारलं, "मावशी, रंग कुठला हो त्याचा?" ती चमकली. मग रंग सांगितला, तो कुठून आणला ते सांगितलं, घासाघीस करताना पोरानं दुकानदाराची कशी फिरकी घेतली ते सांगितलं, आणि सांगता सांगता हसली. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी पोटभर जेवलो. आईला आपणहून फोन केला. कोर्स सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर मॅडमनी दर बुधवारी सरावानंतर झोपेचा तासच सुरू केला. खिडक्यांचे पडदे ओढायचे, मोबाइल पेटीत टाकायचे, दवाखान्यातलं अक्षरही काढायचं नाही. वर्गातल्या श्रावणीच्या घरी माग होते. विणीत चूक राहिलेल्या चादरींचा गठ्ठा तिच्या वडिलांनी रिक्षात घालून पाठवला. कुणी झोपेत तेलुगूत भांडायचं, शबाना अधूनमधून हसायची. कॉलेजभर आमचं नाव 'झोपाळू विभाग' पडलं. मॅडमना त्याचा भारी अभिमान.

आणि एका बुधवारी तपासणी समिती आली. चुकून एक दिवस आधी. प्राचार्यांनी घाईघाईत दार उघडलं, तर आत सगळा वर्ग आडवा आणि मधोमध विभागप्रमुख घोरताहेत. "मॅडम!" प्राचार्य किंचाळले. आम्ही धडपडून उठलो. मॅडम सावकाश उठल्या, पदर सारखा केला, ओठांवर बोट ठेवलं. "हळू, सर. प्रॅक्टिकल चालू आहे."

समितीचे अध्यक्ष वयस्कर, कोट घातलेले, घामानं निथळत होते. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "हे अभ्यासक्रमात कुठं बसतं?"

"कुठंच नाही, सर. तिथंच तर चुकलंय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्याकडं निरखून बघत, "तुम्ही पहाटेच निघाला असाल ना? जेवण तरी झालं का?"

अध्यक्षांनी प्राचार्यांकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या चटईकडं. आणि खाली बसून ते बुटांचे बंद सोडू लागले. उरलेल्या समितीनं ग्रंथालय पाहिलं, तेही म्हणे कुजबुजत. अहवालात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण झोपेचा तास कुणी बंद केला नाही. जाताना अध्यक्षांनी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "दर बुधवारी असतं का हे?"

निवृत्त झाल्यावर मॅडम टेंभुर्णीला भावाकडंच राहायला गेल्या. मागच्या रविवारी शबाना, श्रावणी आणि मी त्यांच्या घरी गेलो. आण्णा, म्हणजे मॅडमचे थोरले बंधू, थकलेत आता. तरी आग्रह करून पिठलं-भाकरी वाढली. आम्ही निघायला लागलो तर म्हणाले, "उन्हाचं कुटं निगता? तिच्या खोलीत पडा की जरा."

खोली साधी. निळ्या भिंती, खिडकीला पाणी मारलेला वाळ्याचा पडदा. पलंगावर बसायचा कुणाचा धीर झाला नाही, म्हणून खाली सतरंजी अंथरली. "सिद्धू, घोरायचं नाही हं," शबाना म्हणाली. श्रावणी सध्या एका मोठ्या दवाखान्यात काम करते, घरी लहान बाळ आहे. ती म्हणाली, "खरं सांगू, मी किती दिवसांनी..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपली. मी वर पंख्याकडं बघत पडलो होतो. आता रडू येईल असं वाटत होतं... रडायच्या आधीच डोळा लागला.

उठलो तेव्हा दारात आण्णा खुर्ची टाकून बसलेले. हातात काठी, कपाळावर घाम. "आण्णा, तुम्ही आत नाही पडलात?" मी विचारलं.

"मी कसा पडू? मंदीनं सांगून ठेवल्यालं, माजी पोरं आली की लई दमल्याली असत्यात, त्यास्नी झोपू द्या. पर शेजारची कोंबडी लई कलकलाट करत्यात की." त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि समाधानानं म्हणाले, "एक कोंबडं फिरकू दिलं न्हाय बगा."