टॉवरखालची घार

मामीनं तिच्यावर कधी हात उगारला नाही. हात उगारायला जागेवरून उठावं लागतं, आणि मामीचं काम बसल्या जागी नुसत्या तोंडावर भागत होतं. आई गेली, बापानं दुसरं लग्न केलं आणि पोरीला मामाच्या दारात सोडून तो जो गेला तो गेलाच. त्या दिवशी मामीनं शेजारणीला मोठ्यानं ऐकवलं, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." घोडं तेव्हा फ्रॉकमध्ये होतं आणि कपड्यांची पिशवी छातीशी धरून जिन्यात उभं होतं. त्याला सगळं ऐकू आलं.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात तिचं अंथरूण पडायचं. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. मामा भला माणूस होता, म्हणजे बायको बोलायला लागली की तो वर्तमानपत्र वर धरायचा. अशा घरात वाढलेल्या मुलीला दुसरं काही येवो न येवो, बघता येतं. भांडं कुठल्या आवाजात आपटलं, दुधावरची साय कुणी काढली, कुणाच्या कपाळाला आठी पडायला लागली आहे, हे तिला घरातल्या कुणाच्याही आधी दिसायचं. पुढं कॉलेजात तिला सगळे घार म्हणायला लागले. मामीच्या शिकवणीची तिची तेवढीच कमाई.

घरात एकच माणूस तिच्याशी धड वागायचा, तो मामेभाऊ. मामी त्याच्यामागं सारखी ओरडायची, "सावकाश रे, सावकाश." जिना उतरला की सावकाश, पाणी प्यायला की सावकाश. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव सावकाशराव पाडून टाकलं. आपल्या ताटातलं तो गुपचूप तिच्या ताटात सरकवायचा, खिडकीजवळची जागा तिला द्यायचा, तिच्या वाटणीची बोलणी स्वतःवर ओढून घ्यायचा. घारीला त्याचं जीव लावणं मुळीच सहन व्हायचं नाही. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला उदार व्हायला काय जातं, असं तिला वाटायचं. आणि असं वाटतं याची तिला लाजही वाटायची नाही, हे सांगितलेलं बरं.

तंत्रनिकेतनानं परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार केला आणि फाटकावर हिरव्या पानाचं चित्र लागलं. खाली लिहिलं होतं, हरित कौशल्ये, हरित रोजगार. प्राचार्यांनी वारा, सूर्य आणि तरुणाई या तिघांवर इतकं लांब भाषण केलं की तिघंही दमले असतील. डिझेल इंजिनांच्या जुन्या वर्कशॉपला हिरवा रंग दिला आणि मैदानात पवनचक्कीचा एक टॉवर उभा राहिला. तो तिकडून तुकड्या-तुकड्यांनी आला होता. त्याला पाती नव्हती. वर चढायचं, दुरुस्तीचा सराव करायचा आणि खाली यायचं, एवढ्यासाठी तो होता.

दोघांनीही नाव घातलं. घारीनं घातलं कारण शिकून झालं की बाहेर पडता येईल. सावकाशरावानं घातलं कारण तिनं घातलं. मामीनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं, पण पोरगा पहिल्यांदाच हट्टाला पेटला होता. गंमत अशी की जमिनीवर सतरा ठिकाणी ठेचकाळणारा हा प्राणी टॉवरवर चढायला लागला की बघत राहावं. ना धाप, ना भीती. तिकडून आलेले मास्तरसुद्धा मान वर करून बघत राहायचे.

त्या कामाचा एक नियम होता आणि वर्कशॉपचे सर तो रोज घोकून घ्यायचे. एकट्यानं चढायचं नाही. अंगावर पट्टे चढवून झाले की जोडीदारानं ते तपासायचे. खांद्याचे, मांडीचे, शेवटी शिडीच्या दोरात अडकवायच्या, छातीवरच्या मोठ्या हुकाचं लॉक. सगळं ठीक असेल तर जोडीदारानं खांद्यावर थाप मारायची. ती थाप पडली की चढणाऱ्यानं पुन्हा स्वतःकडं बघायचं नाही, सरळ शिडी धरायची. "माणूस विसरतोच," सर म्हणायचे, "म्हणून तर जोडीदार दिलाय." जोडीदाराची नजर मरू नये म्हणून सरांनी सरावात एक खेळ लावून दिला होता. चढणाऱ्यानं मुद्दाम एक खोट ठेवायची, जोडीदारानं ती पकडायची. परीक्षेला मात्र हा खेळ बंद, असं त्यांनी बजावलं होतं. मामेभाऊ-आतेबहिणीची जोडी होती. तो खोट ठेवायचा, ती पकडायची. ती कधीच चुकली नाही.

मग बातमी आली. परदेशातल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम, आणि जागा एकच. परीक्षा घ्यायला तिकडच्या बाई येणार होत्या. लेखी आणि हातकामात घार पुढं होती, चढण्यात सावकाशराव. तिसरं कुणी आसपास नव्हतं. घारीच्या डोळ्यांसमोरून तो समुद्र हलेना. तिथं तिचं स्वतःचं दार असणार होतं, आणि कुणी तिला ओलांडून जाणार नव्हतं.

मामीनं जागा मिळायच्या आधीच पोराला साऱ्या इमारतीत परदेशी पाठवून टाकलं होतं. एका संध्याकाळी जेवताना ती भाचीला म्हणाली, "चढताना जरा मागं राहा. ज्या ताटात जेवलीस त्याला भोक पाडू नकोस."

मामाचं वर्तमानपत्र जेवताना नसायचं, म्हणून त्यानं आमटीत डोकं घातलं. सावकाशराव म्हणाला, "आई, पुरे." घारीनं ताट उचललं, घासलं आणि पालथं घातलं. आत काहीतरी घट्ट झालं ते तिथंच.

परीक्षेच्या दिवशी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. परदेशच्या बाई मात्र बसल्या नाहीत. हातात चहाचा मग घेऊन त्या शिडीच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. चढणाऱ्यांकडं त्या फारसं बघतही नव्हत्या. सर्वांना वाटलं, बाईंना कंटाळा आलाय.

सावकाशराव पट्टे चढवून समोर आला. घारीनं खांद्याचे पट्टे ओढून बघितले, मांडीचे बघितले. तिची बोटं छातीवरच्या हुकावर आली आणि थांबली. लॉक उघडं होतं. आज खेळ बंद होता, म्हणजे हा खरोखरीचा वेंधळेपणा. अखेर जमिनीवरचा सावकाशराव टॉवरपर्यंत येऊन पोचलाच, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. आपण नुसतं "लॉक" म्हणालो तर तो लावील, हसेल आणि माकडासारखा वर जाईल. नाही म्हणालो तर?

त्याचा जीव घ्यायचा तिचा विचार नव्हता. हे तिच्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, आणि एवढंच आहे. तो शिडीला हात लावील, आपण थांबवू, बाईंना दाखवू. त्याला खरचटणारसुद्धा नाही, फक्त तो बाद होईल. तिनं हूक तसाच सोडला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. केसानं गळा कापणं ज्याला म्हणतात ते हेच, फक्त इथं केसाऐवजी पट्टा होता. सावकाशराव क्षणभर तिच्याकडं बघत उभा राहिला. मग वळला, शिडीपाशी गेला आणि त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबवा त्याला," घार म्हणाली. "याचं छातीचं लॉक उघडं आहे."

सगळे धावले. बाईंनी हूक पाहिला, मग सरांकडं वळून काही विचारलं. सरांनी मराठीत सांगितलं, "बाई विचारतायत, याला तपासलं कुणी?"

सावकाशराव चटकन म्हणाला, "कुणीच नाही. मी न थांबता निघालो."

सरांनी ते भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली. त्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मुलीची बोटं हुकावर गेलेली त्यांनी पाहिली होती आणि थापही पाहिली होती. खरं तर सकाळपासून त्या तेवढंच बघत होत्या. त्यांनी घारीला एकच प्रश्न विचारला. सरांचा आवाज तो सांगताना उतरला होता. "लॉक उघडं आहे हे तुला थाप मारायच्या आधी दिसलं की मागून?"

घारीचं डोकं वेगानं चालायचं. आधी म्हटलं तर काय होईल ते तिला कळलं. म्हणून ती म्हणाली, "मागून."

"म्हणजे न बघता थाप मारलीस," बाईंच्या वतीनं सर म्हणाले. "आणि आधी दिसलं असेल तर बघून मारलीस. बाई म्हणतात, यातलं कुठलंही असलं तरी त्यांच्या दृष्टीनं सारखंच आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बाईंनी आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. मगातला उरलेला चहा गवतावर ओतला आणि पुढच्या जोडीला बोलावलं. सावकाशरावाला शेवटी दुसरा जोडीदार देऊन चढवलं. विसरणं हा चढणाऱ्याचा किरकोळ दोष धरला जायचा. जागा त्याला मिळाली. घारीला टॉवरवर कायमची बंदी झाली. सरांनी शब्द टाकून तिला कॉलेजच्या भांडारात लावून दिलं. पोरांच्या घामाचे पट्टे धुवायचे, वाळवायचे आणि खुंटीला टांगायचे. तेही हरित रोजगारात मोजलं गेलं.

त्याच दुपारी वर्कशॉपमागच्या नळावर सावकाशराव तोंड धूत होता. ती तिथून जायला निघाली तसा तो बोलला.

"मुद्दाम ठेवलं होतं मी ते."

ती थांबली.

"सर ऑफिसात बोलत होते. बाई म्हणे चढण्यापेक्षा तपासणीलाच जास्त मार्क देतात. म्हटलं, बाईंच्या समोर तू पकडशील. तुझं कधी चुकलंच नाही ना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती तपासणी कसली?" त्यानं शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं. "तुझी बोटं थांबली होती हुकावर. मला कळलं, तुला दिसलंय."

"कळलं तर शिडीवर पाय कशाला ठेवलास?"

"तू बोलशील म्हणून," तो म्हणाला. "बोललीस. पण मला नाही."

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आला राग. आयुष्यभर ज्याचे उपकार नकोसे झाले होते, त्यानं शेवटी सगळ्यांत मोठा उपकार तिच्या हातात ठेवला होता आणि तिनं तो स्वतःच्या हातानं मोडला होता. त्याला ओरबाडावंसं वाटलं तिला. तो मात्र नळ बंद करून निघून गेला. त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत तो तिच्याशी नीट बोलला, हसलासुद्धा, पण तिच्या ताटात काही सरकवलं नाही.

घरी त्यानं वेगळंच सांगितलं. ती मागं सरली म्हणून मला मिळालं, असं. कशासाठी सांगितलं ते त्याचं त्याला ठाऊक. मामीनं मात्र ते खरं धरलं. भाचीला आपण मागं राहायला सांगितलं आणि भाचीनं ऐकलं, हे तिला इतकं पटलं की ती विरघळून गेली.

पोराला निरोप देऊन सगळे घरी आले त्या संध्याकाळी मामीनं बोळातलं अंथरूण उचललं आणि पोराच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर घातलं. जेवताना घारीला शेजारी बसवलं, तिचं ताट पहिलं वाढलं. मामानं मान वर करून दोघींकडं पाहिलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.

"इतकी वर्षं तुला ओळखलं नाही गं मी," मामी म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरले होते. "माझ्या पोरासाठी पोटच्या पोरीनं केलं नसतं ते तू केलंस. आता कुठं जायचं नाव काढायचं नाही. मरेपर्यंत हे घर तुझं."

घारीनं घास गिळला.

"हो, मामी," ती म्हणाली.