अण्णांच्या मागच्या काचेचं रबर

गॅरेजच्या शेजारी दुकान असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. माझं बी-बियाण्यांचं दुकान उमरग्यात हायवेला लागून आहे आणि शेजारी शिवाप्पा मेस्त्रीचं गॅरेज. गिऱ्हाईक माझं कमी, किस्से जास्त! त्यातले निम्मे एकट्या अण्णांचे. अण्णा रिटायर्ड क्लार्क, समोरच्याच घरात राहणारे. त्यांची जुनी डिकीवाली गाडी, आणि त्या गाडीची गळकी मागची काच.

यंदा प्रकरण पेटलं, कारण लेकीकडं हैदराबादला नातीचं बारसं होतं. अण्णांना जावयाच्या दारात स्वतःच्या गाडीनं उतरायचं होतं. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, भीती हायवेवरच्या ट्रकांची. पण तसं तोंडावर म्हटलं की अण्णा रुसायचे, जेवायचे नाहीत. म्हणून काकू काचेकडं बोट दाखवायच्या. "काच गळायलीय तवर म्या त्या गाडीत पाय ठिवणार न्हाय. एस्टीनं जाऊ!"

* * *

काच गळते हेच मुळी अण्णांना मान्य नव्हतं. "गळत न्हाय हो, थंडीनं घाम येतो तिला!"

मग एकदा डिकी उघडली. आत हरभऱ्याचं पोतं विसरलेलं. पोत्यातून हिरवे कोंब वर आले होते, चांगले बोटबोटभर! आम्ही सगळे वाकून बघतोय. काकूंनीही शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "उगवण चांगली झालीय. आता खुरपायला कुणाला सांगू?"

* * *

अण्णांनी पहिला इलाज स्वतःच केला. पत्र्याच्या घराची भोकं बुजवायला डांबर लावतात ना, तेच काचेच्या कडेनं थापलं. सकाळी मस्त दिसत होतं.

दुपारी ऊन तापलं. दवाखान्यातला दत्ता कंपाउंडर नेहमीसारखा गाडीला टेकून गप्पा मारत उभा. जेवायला निघाला, तर निघेना! पांढरा शर्ट पाठीवर पक्का चिकटलेला.

"अण्णा, ही सोडंना की मला!"

अण्णांचं लक्ष शर्टाकडं नव्हतंच. ते मला म्हणाले, "बघा, पकड कसली हाय!"

* * *

शेवटी शिवाप्पानं सांगितलं, "रबर वाळून तडकलंय. नवं घाला, दुसरा इलाज न्हाय." जुनं रबर आक्रसलेलं, म्हणून माप काचेचंच घ्यायचं ठरलं. ते अण्णांनी घेतलं आणि सोलापूरच्या दुकानाला फोन लावला.

"सोळा विती."

पलीकडून प्रश्न आला, "कुणाच्या विती?"

"कुणाच्या म्हंजी? माझ्या!"

"मग काका, हात घेऊन तुम्हीच या!"

आणि अण्णा एस्टीनं सोलापूरला गेले की हो! पण रबर अगदी बरोब्बर आणलं.

* * *

हे रबर बसवायची पद्धत मला फार आवडते. रबर आधी काचेला घालतात. त्याच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवतात, साबणाचं पाणी लावतात. मग एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून दोरी ओढायची. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर उलटत जाते आणि काच बसते.

ओढायला अर्थातच अण्णा. शिवाप्पा बाहेरून ओरडतोय, "दमानं, अण्णा, दमानं!"

"येतंय, येतंय... आलं!"

आलं खरं! अण्णांच्या हातात दोरीऐवजी सगळं रबर होतं. "कायबी म्हणा, माल मजबूत हाय," अण्णा म्हणाले, "इतकं ओढलं पण तुटलं न्हाय!"

* * *

दुसऱ्या खेपेला काच टप्पकन बसली. आता पाणी मारून बघायचं. माझ्या दुकानातला फवारणीचा पंप बोअरच्या पाण्यानं भरून आणला.

पाणी आत आलंच तर नेमकं कुठून येतं, हे बघायची सगळ्यांनाच हौस! बॅटरी घेऊन अण्णा आत बसले. शिवाप्पा बसला. दत्ता बसला. मीही घुसलो. चौघं माना वळवून, श्वास रोखून काचेकडं बघत होतो. थेंब नाही!

"मानलं मेस्त्री!" अण्णांनी शिवाप्पाच्या पाठीवर थाप मारली.

दारातून काकूंचा आवाज आला, "पर पाणी कोण मारायलंय?"

मग मी उतरलो आणि पंप रिकामा होईस्तोवर पाणी मारलं. आतून बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. अण्णांचा चेहरा असा खुलला की मलाही आनंद झाला. काकू मात्र तडक घरात गेल्या.

* * *

निघायच्या दिवशी सकाळीच अण्णांची हाक आली. डिकी उघडी, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी! आभाळात ढगाचा ठिपका नाही. अण्णा नुसते उभे. मला फार वाईट वाटलं.

शिवाप्पानं रबराच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं. आतल्या पत्र्यावरून फिरवलं. तेही कोरडं. मग खड्ड्याची कड न्याहाळत म्हणाला, "बोअरचं पाणी न्हाय हे. हितं कडंला वाळलंय, पर क्षाराचा पांढरा डाग न्हाय." त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि भुवया वर केल्या. "अण्णा, गोड हाय. प्यायच्या जारचं!"

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन, चपला घालून, एस्टीच्या तयारीनंच बाहेर आल्या. अण्णांनी एकदा डिकीकडं बघितलं, एकदा काकूंकडं.

"अगं, प्यायचं पाणी वतलंस?"

"मग काय बोअरचं वतू?" काकू म्हणाल्या, "तुमच्या गाडीला डाग पडलं आस्तं की!"